दुधाची डिग्री आणि मोलचा त्रिकोण

रहिमतपुरात सकाळी डेअरीवर जाऊन उभं राहा. किटली पुढं सरकली की दूध ढवळून त्यात लॅक्टोमीटर सोडतात. तो दोन हेलकावे खाऊन थांबतो आणि रांगेतल्या बाईची नजर तिथंच खिळते. 28 दिसले तर ती काही बोलत नाही. 25 दिसले की लगेच विचारते, "डिग्री का बसंना आज?"

28 डिग्री म्हणजे लिटरभर दुधाचं वजन 1 किलो 28 ग्रॅम. हीच घनता. हा शब्द त्या बाईच्या तोंडी कधी येत नाही, पण विषय तिला तळहातासारखा माहीत आहे. पाणी घातलं की डिग्री उतरते. नुकत्याच काढलेल्या कोमट दुधाची कमी दिसते, निवलं की चढते. मलई काढून घेतली तर उलट वाढते, कारण मलई हलकी. मग त्यात पाणी घालून लबाडाला डिग्री पुन्हा जागेवर आणता येते, म्हणून फॅटही वेगळी तपासावी लागते. एका काचेच्या नळीवर एवढं शास्त्र रोज चालतं आणि त्यावर घरात येणारा पैसा ठरतो.

अशाच एका घरातली मुलगी अकरावी सायन्सला आहे. मी तिला विचारलं, "लिटरभर दूध जड की लिटरभर पाणी?" तिनं वही उघडली आणि त्रिकोण काढला! वर वस्तुमान, खाली घनता आणि आकारमान. जे हवं ते बोटानं झाकायचं. बोटानं झाकून झालं, उत्तर आलं नाही. आईला जे पहाटे पाच वाजता कळतं ते मुलीला फी भरून कळेनासं झालंय. दहावीपर्यंत ती 'घनता' होती, अकरावीत तिची 'डेन्सिटी' झाली आणि डेअरीवरची 'डिग्री' तर तिसरीकडेच राहिली. या तिन्ही एकच आहेत हे तिला कुणीही सांगितलेलं नाही. हा गुन्हा आहे, आणि तो मुलीचा नाही.

दुसरा त्रिकोण मोलचा. त्यात 22.4 हा आकडा देव्हाऱ्यातल्या टाकासारखा बसवलेला असतो. मी विचारलं, "एक मोल पाणी म्हणजे किती?" उत्तर ताडकन आलं: "22.4 लिटर." अरे! पाण्याचा एक मोल म्हणजे 18 ग्रॅम, म्हणजे 18 मिलिलिटर. चार चमचेही भरत नाहीत, एका घोटात संपतं. आणि ही पोरं त्याची घागर भरून देतात, तेही न अडखळता.

22.4 लिटर वायूसाठी असतात. तेही शून्य अंश सेल्सिअसला आणि एक वातावरण दाबाला. वायूचे रेणू एकमेकांपासून इतके लांब असतात की रेणू कोणता याला जागेच्या हिशोबात फारशी किंमत उरत नाही. द्रवाचे रेणू खेटून बसलेले, म्हणून तिथं ज्याची त्याची घनता विचारावीच लागते. आणि रहिमतपुरात शून्य अंश कुणी पाहिलंय? वैशाखात पारा 35 वर गेला की त्याच दाबाला तोच एक मोल वायू सव्वापंचवीस लिटर जागा घेतो. रसायनशास्त्राची मानकं ठरवणाऱ्या आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तर 1982 सालीच प्रमाण दाब बदलून एक बार केला. त्या हिशोबानं आकडा 22.7 येतो. एवढी बंधनं असलेली संख्या आपण मुलांना स्तोत्रासारखी पाठ करायला लावतो, आणि बंधनं तेवढी गाळतो.

एका क्लासच्या सरांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "काका, सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न. विचार करायला वेळ कुठाय?" म्हणजे विचार हा वेळेचा अपव्यय, आणि हे शिकवणारा माणूस विज्ञान शिकवतो! सर, विचार करणाऱ्या मुलाला घोटभर पाण्याची घागर झालेली दिसताच आपलं चुकलं हे कळतं. त्रिकोणवाला ती घागर घेऊन पुढच्या प्रश्नाकडं पळतो.

खरं तर वाट सरळ आहे. लिटरभर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घ्या. घनता 1.84, म्हणजे वजन 1840 ग्रॅम. त्यातलं 98 टक्के आम्ल, म्हणजे साधारण 1803 ग्रॅम. एका मोलचं वजन 98 ग्रॅम. भागलं की 18.4 मोल. लिटरवरून ग्रॅम, ग्रॅमवरून मोल. प्रत्येक पायरीला हातात काय आहे हे ठाऊक असलं की बोटानं झाकायचं काही उरत नाही.

हे फक्त मार्कांपुरतं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी तेलाची पिशवी हातात घ्यावी. तेल तापलं की फुगतं. लिटरभर सोयाबीन तेल 21 अंशांना 919 ग्रॅम भरतं, 60 अंशांना 892.6 ग्रॅमच. कंपन्या पिशवीवर बारीक अक्षरात 60 अंशांपर्यंतचं तापमान छापून हाच फरक खिशात घालत होत्या. शेवटी ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं बजावलं, की तापमान छापू नका, लिटरबरोबर वजनही खरं छापा. त्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंत मुदत दिली. आपण दुकानात अजूनही 'किलोची पिशवी द्या' म्हणतो आणि 910 ग्रॅम घेऊन घरी येतो. पंधरा किलोचा डबा आणि पंधरा लिटरचा डबा यांत सव्वा किलोहून जास्त तेलाचा फरक आहे. भाव विचारताना हे किती जण विचारतात?

सर, पुढच्या तासाला खडू राहू द्या. वजनकाटा आणा. टेबलावर 18 ग्रॅम पाणी, 58.5 ग्रॅम मीठ आणि 342 ग्रॅम साखर मांडा; तिन्ही एकेक मोल आहेत. मुलांना ते हातात धरू द्या. आणि दुधाच्या घरातली जी मुलगी वर्गात असेल, तिला लॅक्टोमीटर देऊन फळ्याजवळ उभी करा.