उचल म्हणजे प्रेरणा नव्हे

माणूस काम का करतो, या प्रश्नावर पाश्चात्त्य जगाने शंभर वर्षांत ग्रंथांचे डोंगर रचले. टेलर, मास्लो, मॅकग्रेगर, हर्झबर्ग ही नावे आज आपल्याकडील प्रत्येक व्यवस्थापन महाविद्यालयात घोकली जातात. त्याच महाराष्ट्रात दसरा-दिवाळी सरली की बालाघाटाच्या रांगांमधील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी तालुक्यांतील वाड्या-वस्त्या ओस पडतात. म्हातारी माणसे आणि कुलपे तेवढी मागे राहतात. बीड जिल्ह्यातील लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. ही माणसे काम का करतात, हा प्रश्न मात्र त्या वर्गांत सहसा कोणी विचारत नाही. विचारण्याची गरजही वाटत नाही, कारण उत्तर सर्वांनी गृहीतच धरलेले असते : उचल घेतली म्हणून.

कारखान्याच्या संचालकापासून शहरातील सुखवस्तू बैठकीपर्यंत एकच वाक्य ऐकू येते. 'या लोकांना आधी पैसे मोजल्याशिवाय ती हलत नाहीत, आणि पैसे घेऊनही पळून जातात.' उचल घेऊन न येणारे असतात, त्यापायी एखादा मुकादमही कर्जबाजारी होतो, हे खरे आहे. परंतु या वाक्यात दडलेला सिद्धान्त तपासला पाहिजे. माणूस मुळात कामचोर असतो. आमिष आणि धाक यांवाचून तो हातपाय हलवत नाही, असा तो सिद्धान्त. डग्लस मॅकग्रेगरने 1960 साली या समजुतीला 'एक्स सिद्धान्त' असे नाव दिले ते तिची पोकळी दाखवण्यासाठी. बीडमध्ये त्याच समजुतीवर एक संपूर्ण व्यवस्था उभी आहे.

या समजुतीचा मूळपुरुष फ्रेडरिक टेलर. अमेरिकेतील बेथलेहेम पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाहणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल उचलत असे. आपण त्याच्याकडून साडेसत्तेचाळीस टन उचलून घेतले, ही त्याने स्वतः अभिमानाने सांगितलेली हकीकत. मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 डॉलरवर गेली. काम जवळजवळ चौपट, दाम दीडपटीहून थोडे अधिक! आणि या कामाला जो माणूस योग्य, तो बुद्धीने बैलाच्या जवळचा असावा, असे त्याने 1911 च्या आपल्या ग्रंथात निःसंकोचपणे लिहून ठेवले. आपल्याकडे ही उपमा भाषेतच उतरली आहे. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात; एकटा असेल तर 'अर्धा कोयता'. टेलरने माणसाला निदान बैल तरी म्हटले होते. आपण त्याला अवजाराचे नाव दिले.

टेलरच्या मजुराला काम झाल्यावर वाढीव पैसा मिळे. कोयत्याला पैसा आधी मिळतो आणि काम नंतर फेडावे लागते. हंगामापूर्वी घेतलेली उचल तोडणीच्या टनांतून वळती होते. हंगाम आखडला, पाऊस लांबला, अंगावर दुखणे आले की उरलेली बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. प्रोत्साहन माणसाला पुढे ओढते, तर ऋण मागून ढकलते. अग्रिम रकमेच्या बदल्यात दुसरीकडे काम करण्याचे स्वातंत्र्य गहाण टाकावे लागणे, याला 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात काय म्हटले आहे, हे संचालकांच्या वकिलांना ठाऊक नसेल असे नाही.

आणि धाक? खाडा झाला की दंड. दिवसाला 500 रुपयांपर्यंत तो कापला जात असल्याचे 2019 साली वृत्तपत्रांतून उघड झाले. त्याच वर्षी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे बीडमधील ऊसतोड स्त्रियांची जी पाहणी आली, तिच्यात सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढली गेल्याचे दिसले. बालवयात झालेली लग्ने, फडातले उघड्यावरचे जिणे, भीती दाखवून शस्त्रक्रिया उरकणारे खासगी दवाखाने, अशी कारणे अनेक. पण पाळीच्या चार दिवसांचीही विश्रांती जिला परवडत नाही, ती स्त्री कोणत्या 'प्रेरणे'ने पहाटे फडात उभी राहते, याचे उत्तर मास्लोच्या पायऱ्यांवर सापडणार नाही. गरजांच्या त्या उतरंडीत सर्वांत खाली अन्न, पाणी आणि निवारा आहे. येथे तर पोटासाठी देहाचाच अवयव द्यावा लागला.

फ्रेडरिक हर्झबर्गने 1959 साली सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून निष्कर्ष काढला : वेतनाने असंतोष कमी होतो, समाधान मात्र कामातील कर्तृत्वाने आणि जबाबदारीने लाभते. निष्कर्ष मोलाचा खरा. पण तो टेबलाशी बसणाऱ्यांचा. त्याच्या आधारे फडातल्या माणसाला 'पैसा हेच सर्वस्व नव्हे' असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. आपले काही वक्ते अधिकाऱ्यांच्या शिबिरांतून निष्काम कर्माचे असेच निरूपण करतात. फळाची आसक्ती सोडण्याचा उपदेश ज्याच्या हाती फळ आहे त्याला करायचा असतो. सावता माळ्याला भाजीच्या वाफ्यात विठ्ठल दिसला, तो मळा त्याच्या जिव्हाळ्याचा होता, तेथे मुकादम नव्हता.

बीडची माणसे कामचोर आहेत काय, याचा पडताळा 2016 च्या उन्हाळ्यात आला. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, असा तो दुष्काळ. त्या वर्षी पाणी फाउंडेशनने पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातील तीनच तालुक्यांत घेतली. वरूड, कोरेगाव आणि बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई. एप्रिल-मेच्या उन्हात गावेच्या गावे कुदळ-फावडे घेऊन माळावर उतरली. उचल नव्हती, मुकादम नव्हता, खाड्याचा दंड नव्हता. चर खोदायचे ते आपल्या शिवारात, आणि मुरणारे पाणी आपल्याच विहिरीला येणार होते. उचलीवाचून हलत नाहीत असे ज्यांच्याविषयी म्हटले जाते, त्याच मातीतली ही माणसे.

आपलेपणाचे हे सामर्थ्य साखरधंद्याला अपरिचित नाही. 1950 साली प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला तो ऊस पिकवणाऱ्याला मालक करून. पिकवणारा भागधारक झाला, तोडणारा मात्र कारखान्याच्या हजेरीपटावरही आला नाही. त्याचा करार मुकादमाशी. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांनी उद्योगांच्या श्रमिकीकरणाचा आग्रह धरला होता, श्रम हेही भांडवलच असल्याने श्रमिकाला मालकीत वाटा हवा म्हणून. सहकाराचा जयघोष करणाऱ्यांनी तो अर्ध्या वाटेवर थांबवला. लाल बावट्यानेही दर टनाच्या पलीकडे फारसे पाहिले नाही.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ झाली. वाढ योग्यच, मात्र तिच्यासाठी संप करावा लागला आणि दर ठरला तो नेत्यांच्या लवादात. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजनाही आहे. आता पुढच्या करारात टनामागच्या रुपयांबरोबर आणखी काही मागितले पाहिजे : 'कोयता' हा शब्द कागदावरून काढून तेथे स्त्री आणि पुरुष यांची दोन स्वतंत्र नावे, दोन स्वतंत्र खाती, उचल दिलीच तर ती मुकादमाच्या वहीत न राहता महामंडळाच्या नोंदीत, आणि आजारपणाच्या खाड्याला दंड नाही. जो कारखाना हे मान्य करणार नाही, त्याच्या अध्यक्षांनी निदान आपल्या वार्षिक सभेत 'सहकार' हा शब्द कोणत्या अर्थाने उच्चारतो, एवढे तरी बीडच्या माणसांना समजावून सांगावे.