प्रवास म्हणजे मुक्काम

दिवाळीची सुटी महिन्यावर आली म्हणजे आमच्या वऱ्हाडांत घरोघरीं एकच विषय निघतो: यंदा कोठें जावयाचें? थोरले बंधु काशीचें नांव काढतात, धाकटे समुद्राचें, मुलें हिमालयाचें. आणि अखेरीस सर्वांचें मन राखण्यासाठीं पांच दिवसांत सात गांवांचा बेत ठरतो. पहाटे चारला उठावें, मोटारींत बसावें, दुपारीं देवळाच्या रांगेंत उभें राहावें, रात्रीं नव्या गांवीं सामान सोडावें, आणि पुन्हां पहाटे तें बांधावें. असे पांच दिवस काढून मंडळी परत येतात तेव्हां आजोबांचे गुडघे सुजलेले असतात, धाकट्या नातवाचें पोट बिघडलेलें असतें, आणि सुनांपुढें धुण्याचा डोंगर उभा असतो. मग जो तो म्हणतो, "आतां दोन दिवस विसांवा घेतला पाहिजे." सुटी विसांव्यासाठींच होती, ही गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

शब्दांची फोड करून सांगण्यांत आमचें आयुष्य गेलें आहे, तेव्हां वाचकांनीं त्या खोडीस थोडी सवलत द्यावी. यात्रा हा शब्द 'या' म्हणजे जाणें या धातूपासून झाला आहे. प्रवास या शब्दाच्या मुळाशीं मात्र 'वस्' हा धातु आहे, आणि त्याचा अर्थ राहणें असा आहे. आपलें घर सोडून दुसरीकडे राहणें, तो प्रवास. यात्रेचें पुण्य चालण्यांत असेल, परंतु प्रवासाचें सुख मुक्कामांत आहे. म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्या घरांत वृद्ध आणि बालकें दोन्ही आहेत त्या घरानें या दोहोंची गल्लत करूं नये. एकच जुनें गांव निवडावें आणि तेथें चार रात्री स्वस्थ राहावें.

ही युक्ति कांहीं आमच्या एकट्याची नव्हे. हल्लीं अमरावती-अकोल्याकडील कांहीं घरांतील मुलें शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं जर्मनींत आहेत, आणि त्यांचे आईबाप तिकडे जाऊन येतात. त्या देशाच्या दक्षिण भागांत टाउबर नदीच्या कांठीं उंचवट्यावर रोथेनबुर्ग नांवाचें एक गांव आहे. वस्ती सुमारें ११,०००. मध्ययुगांतील तट गांवाभोंवतीं अद्याप उभा आहे, आणि त्याच्या माथ्यावरून छपराखालच्या वाटेनें चालतां येतें. ३१ मार्च १९४५ रोजीं विमानांच्या भडिमारांत या गांवाचा मोठा भाग जळाला. पुढें देशोदेशींच्या लोकांनीं तटाच्या एकेका मीटरच्या बांधणीसाठीं पैसा दिला. त्यांचीं नांवें आज तटांतील दगडांवर वाचावयास मिळतात. दिवसां तेथें प्रवाशांचे थवे मोठमोठ्या मोटारींतून उतरतात, दोन तासांत गांव पाहतात आणि पुढल्या गांवास निघून जातात. जें कुटुंब रात्रीं मुक्कामास राहतें त्यालाच गर्दी ओसरल्यावरच्या शांत गल्ल्या आणि कंदील घेऊन जुन्या गोष्टी सांगत फिरणारा पहारेकरी भेटतो. गांव लहान, सारें कांहीं पायांच्या टप्प्यांत; त्यामुळें ज्याला थकवा आला तो परत फिरतो आणि इतरांचा खोळंबा होत नाहीं. कुटुंबाच्या मुक्कामास जुनें लहान गांव सोयीचें पडतें तें याच कारणानें.

परंतु तटबंदीचें गांव पाहण्यासाठीं जर्मनीसच गेलें पाहिजे असें नाहीं. आमच्या दाराशीं अचलपूर आहे. अमरावतीहून तें सुमारें ५० किलोमीटर. अकोल्याच्या मंडळींना पूर्वीं मूर्तिजापुरास गाडी बदलून १९१३ सालीं सुरू झालेल्या लहान रुळांच्या आगगाडीनें तेथें जातां येत असे. 'शकुंतला' या लाडक्या नांवानें ओळखली जाणारी ती गाडी आतां धावत नाहीं. आज अकोट व अंजनगांव यांवरून मोटारीनें जावें. तीच वाट इतिहासाच्या दृष्टीनें चांगली, कारण ३० डिसेंबर १८०३ रोजीं शिंद्यांनीं इंग्रजांशीं तह केला तो याच सुर्जी-अंजनगांवीं.

सपन आणि बिच्छन या दोन नद्यांच्या परिसरांत हें गांव वसलें आहे. अल्लाउद्दीन खिलजी १२९६ सालीं देवगिरीवर चालून गेला तो याच गांवावरून. बहामनी राज्य मोडूं लागलें तेव्हां, १४९० च्या सुमारास, फतहुल्ला इमाद-उल्-मुल्क यानें येथें आपली स्वतंत्र गादी मांडली. हा पुरुष मूळचा विजयनगरच्या मुलखांतील हिंदु कुळांतला, लहानपणीं लढाईंत पकडून आणलेला, असें इतिहासकार सांगतात. त्याची इमादशाही १५७४ पर्यंत टिकली. पुढें इंग्रजी अमलांत अचलपूर हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्यें तो अमरावतीस जोडला गेला. इतकें असून वऱ्हाडांतील कितीतरी मुलांस दिल्ली-आग्र्याचे दरवाजे तोंडपाठ आणि दुल्हा दरवाजा कोठें आहे तें ठाऊक नाहीं, अशी स्थिति आहे.

आतां बेत सांगतों. पहिल्या दिवशीं दुपारच्या आंत पोहोंचावें आणि कांहींहि पाहूं नये. शेजारच्या परतवाड्यास उतरण्याची सोय आहे. तेथें तळमजल्यावरच्या खोल्या आधींच राखून ठेवाव्या, आणि न्हाणीघर वृद्धांच्या खोलीस लागून आहे कीं नाहीं हें विचारून घ्यावें. जेवून झोंप काढावी. ऊन उतरल्यावर ज्यांना चालवेल त्यांनीं जुन्या गांवांत जाऊन दुल्हा दरवाजा व शिल्लक राहिलेला तट पाहावा. मुलांना दरवाज्याची कमान मोजावयास सांगावी, म्हणजे तीं पळापळ करीत नाहींत.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गांवाबाहेरचा हौज कटोरा पाहावा. तळ्यांत उभारलेली ही अष्टकोनी इमारत आतां भग्न झाली आहे, तरी तिचा डौल गेलेला नाहीं. नऊ-दहाच्या सुमारास परत यावें. दुपार मोकळी सोडावी. दुपार मोकळी म्हणजे खरोखरच मोकळी; तीत 'जातां जातां' म्हणून एखादें ठिकाण घुसडूं नये. पत्ते खेळावे, पोथी वाचावी, लहानांनीं आजीचे पाय चेपावे व तिच्याकडून गोष्ट ऐकावी.

तिसरा दिवस चिखलदऱ्यासाठीं ठेवावा. पावसाळ्यांतील सुटीच्या दिवशीं तेथें मोटारींची एवढी दाटी होते कीं घाटांतच दिवस जातो. दिवाळीनंतर हवा निवळते, परंतु उंची १,१०० मीटरांहून अधिक असल्यामुळें वृद्धांसाठीं लोंकरीचे कपडे हवेतच. १८२३ सालीं कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्यानें हें ठिकाण हवा पालटण्यासाठीं उजेडांत आणलें. पुढें तेथें कॉफीची लागवडहि झाली. भीमानें कीचकास मारून येथील दरींत लोटलें ही कथा त्याहून फार जुनी. येथें मंडळीचे दोन भाग करावे. धडधाकटांनीं जवळचा गाविलगड पाहावा. हा किल्ला अहमदशहा बहामनीनें १४२५ सालीं बांधला. त्याच्या दरवाज्यावर हत्तींना पकडणारा दोन मस्तकांचा गंडभेरुंड कोरला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजीं वेलस्लीच्या फौजेनें तो घेतला, आणि लगेच दोन दिवसांनीं देवगांवच्या तहानें नागपूरकर भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावर पाणी सोडावें लागलें. हें सारें मुलांस किल्ल्यांतच उभें राहून सांगावें; वर्गांत चार तास घालवून जें डोक्यांत शिरत नाहीं तें तेथें घटकाभरांत शिरतें. भोंवतीं मेळघाटचें व्याघ्र-अरण्य आहे, म्हणून वनखात्याचे नियम पाळावे आणि उजेड आहे तोंवर परतावें. वृद्धांनीं मात्र गडाचा हट्ट धरूं नये. त्यांनीं दरीच्या कांठीं उन्हांत बसावें.

चौथ्या दिवशीं दोनच ठिकाणें सुचवितों आणि त्यांतून एकच निवडावें. एक, गोविंदप्रभूंचें रिद्धपूर. मराठींतील आद्य गद्यग्रंथ मानलें जाणारें लीळाचरित्र म्हाइंभटांनीं तेराव्या शतकांत येथें सिद्ध केलें, आणि मराठी भाषेचें विद्यापीठहि आतां येथेंच स्थापन झालें आहे. दुसरें, मुक्तागिरीचीं ५२ जैन मंदिरें, धबधब्याच्या कुशींत. मात्र तेथें पायऱ्या आहेत. ज्याला खोलींत पडून राहावयाचें असेल त्याला राहूं द्यावें, आणि 'एवढ्या दूर येऊन झोंपा काढतोस' असें त्याला कोणीं म्हणूं नये. पांचव्या दिवशीं जेवून निघावें व दिवेलागणीस घरीं असावें.

येथपर्यंत पुरुषमंडळी माना डोलावतील. यापुढील मजकूर त्यांनीं दोनदां वाचावा.

पुष्कळ घरांत सुटीला निघतांना स्वयंपाकघरहि बरोबर निघतें. शेगडी, पोळपाट, पिठाचा डबा, भाजणी, लोणचें. आणि परगांवच्या परक्या ओट्यापाशीं घरचीच सून अकरा माणसांच्या पोळ्या लाटीत उभी असते. बाकीचे हवा पालटतात, तिची फक्त चूल पालटते. आमचें म्हणणें स्पष्ट आहे: सकाळचा चहा आणि वृद्धांची पेज यांपुरतें साहित्य न्यावें, आणि दोन वेळच्या साध्या वरणभाताची, पोळीभाजीची सोय उतरण्याच्या ठिकाणीं आधींच ठरवावी. त्याला खर्च येईल. तेवढ्यासाठीं एक दिवस कमी राहावें, पण ही सोय काढूं नये. ज्या मुक्कामांत घरांतील एका माणसाला क्षणाची उसंत नाहीं, तो कुटुंबाचा विसांवा नव्हे.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. एकत्र कुटुंबांत घर राखावयास नेहमीं कोणीतरी मागें राहतें, आणि बहुधा तें दर वेळीं तेंच माणूस असतें. देवपूजा आहे, गाय आहे, नंदादीप आहे. "मला मेलीला कोठें हौस आहे" असें म्हणून आत्याबाई स्वतःच मागें सरतात, आणि तें सर्वांस सोयीचें असल्यामुळें खरें मानलें जातें. आमच्या परिचयाच्या अकोल्याच्या एका घरांतील चौऱ्याहत्तर वर्षांच्या आत्याबाई अशाच. दर चातुर्मासांत पांडवप्रताप वाचणाऱ्या, आणि चिखलदरा कधीं न पाहिलेल्या. पुतण्यांनीं एकदां देव संपुष्टांत घालून बरोबर घेतले, गाईचें शेजाऱ्यांस सांगितलें आणि त्यांना नेलें. दरीच्या कांठीं खुर्चीवर बसून त्यांनीं विचारलें, "कीचकाला टाकला तो कोठें रे?" बोटानें दाखविल्यावर त्या कितीतरी वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "पोथींत वाटलें होतें त्याहून खोल आहे." पुतण्यांना त्या दिवशीं कळलें कीं हौस नव्हती असें नाहीं, विचारलें कोणींच नव्हतें.

म्हणून बेत ठरवितांना पहिला प्रश्न 'कोठें जावयाचें' हा नसावा. गेल्या तीन सुट्यांत घर कोणीं राखलें, हें आधीं विचारावें, आणि त्या माणसाचें नांव यादींत सर्वांत वर लिहावें. नंतर मार्ग, नंतर खोल्या. खर्चाची वांटणीहि निघण्यापूर्वींच मोकळेपणानें ठरवावी. ज्या भावाची मिळकत थोडी त्याला परगांवीं खिशांत हात घालून ओशाळें व्हावें लागूं नये. थोरल्यानें अधिक द्यावें आणि त्याचा पुढें उच्चार करूं नये.

दिवाळीच्या आधीं एखाद्या रात्रीं जेवणें झाल्यावर सर्वांनीं ओसरीवर बसावें, मुलांकडून अमरावती जिल्ह्याचा नकाशा काढवावा, आणि ती यादी करावी. खोल्या मात्र त्याच आठवड्यांत राखून ठेवाव्या. सुटींत त्या मिळणें कठीण जातें.