घोळीची भाजी अन् कायद्यातलं फुलपाखरू

देवगाव फाट्याच्या आसपास आता बांधसुद्धा तणनाशकानं फवारून काढायची सवय लागलीय. पंप पाठीवर असतोच, पिकातलं उरकलं की उरलेलं बांधावर. रान स्वच्छ दिसतं म्हणे.

काय काय स्वच्छ होतं ते बघा. घोळ घ्या. काळ्या रानात न पेरता येणारी भाजी, बाया खुरपताना ओट्यात भरून घरी आणायच्या. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराच्या अळ्या हीच घोळ खातात. नर काळा, पंखांवर टपोरे पांढरे ठिपके, त्यांना जांभळी झाक. मादी मात्र तांबूस, हुबेहूब प्लेन टायगरसारखी. प्लेन टायगरची अळी रुईवर वाढते, तिचा विषारी चीक अंगात मुरवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायच्या मादीत विष नाही, नुसतं सोंग! पण सोंग चालतं कधी? खरा विषारी आसपास असला तरच. म्हणजे घोळही पाहिजे अन् रुईही.

गंमत अशी, की हे एगफ्लाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित आहे. त्याला मारलं तर गुन्हा. त्याचं खाणंच जाळून टाकलं तर कुणी विचारत नाही.

२०१५ साली ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, असं करणारं महाराष्ट्र देशात पहिलं. चांगलंच झालं. पण ते झाडी-पावसाच्या मुलखातलं. आपल्या फाट्यावर कुणाला दिसलं असेल तर फोटो टाका, राव.

इंग्लंडात फ्रिटिलरी नावाचं चौकड्यांचं जांभळं फूल आहे, अन् तसल्याच नक्षीच्या फुलपाखरांनाही तेच नाव. ओली कुरणं नांगरली गेली तशी ती फुलं बहुतेक ठिकाणची गेली. क्रिकलेड गावच्या कुरणात मात्र टिकली. तिथं बी पडल्यावरच गवत कापायचं, मग गावाची जनावरं सोडायची, ही शेकडो वर्षांची वहिवाट.

पिकात फवारायचं का नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. खुरपणीची मजुरी परवडत नाही, हे मलाही कळतं. पण बांध, गायरान, ओढ्याची कड यांनी कुणाचं काय घोडं मारलंय? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे: या जागांवर तणनाशक नाही, अन् गवत कापायचं ते दिवाळीनंतर. हात वर करायला या. शनिवारी मारुतीला रुईची माळ घालणाऱ्यांनी तर आधी यावं.