अथेन्समध्यें पौल हरला काय?

ख्रिस्ती धर्माचा पहिला मोठा प्रवासी प्रचारक जो संत पौल, त्याच्या अथेन्स येथील भाषणाविषयीं एक मत वारंवार ऐकूं येतें. तें असें कीं, तेथें पौलानें तत्त्वज्ञांची भाषा वापरली, परक्या कवीचा आधार घेतला, म्हणूनच त्याचा प्रचार फसला. आणि पुढें कॉरिंथ येथें त्यानें क्रूसावांचून दुसरें कांहीं बोलावयाचें नाहीं असा निश्चय केला, तो ह्या चुकीच्या पश्चात्तापानें. विल्यम रॅम्सेसारख्या व्यासंगी पंडितानेंहि १८९५ च्या आपल्या ग्रंथांत ह्याच बाजूस कौल दिला. आमच्या दृष्टीनें हें मत चुकीचें आहेच, शिवाय घातकहि आहे. कारण परक्यांना उपदेश करूं निघणाऱ्यास तें बहिरेपणाचा परवाना देतें.

अथेन्सकडे वळण्यापूर्वीं लुस्त्र येथील प्रसंग आठवावा. हल्लींच्या तुर्कस्तानांतील ह्या गांवीं पौल व बर्णबा गेले असतां एक जन्माचा पांगळा उठून चालूं लागला, असें 'प्रेषितांचीं कृत्यें' ह्या ग्रंथांत सांगितलें आहे. लोकांनीं बर्णबास झ्यूस व पौलास हर्मीस ठरविलें आणि पुजारी बैल व माळा घेऊन आला. हा सारा गलबला लोकांच्या लुकवनी बोलींत चालला होता. पाहुण्यांना त्याचा अर्थ उशिरां उमगला असें दिसतें. वस्त्रें फाडून त्यांनीं यज्ञ कसाबसा थांबविला. पुढें बाहेरून आलेल्या विरोधकांनीं त्याच जमावास फितविलें; पौलावर दगडांचा वर्षाव झाला आणि मेलेला समजून त्याला गांवाबाहेर ओढून टाकण्यांत आलें. चमत्कार होता, धैर्यहि होतें; श्रोत्यांच्या मनांत काय चाललें आहे ह्याची जाण मात्र नव्हती.

अथेन्समध्यें, इसवी सन ५० च्या सुमारास, पौल आधीं शहरांतून हिंडला. तेथील मूर्ति पाहून त्याचें मन संतापलें. पण अरियपगापुढें बोलतांना त्यानें तो संताप श्रोत्यांच्या तोंडावर फेंकला नाहीं. अज्ञात देवास वाहिलेली एक वेदी त्यानें पाहिली होती, तिजपासून त्यानें आरंभ केला. अशा वेद्यांचा उल्लेख दुसऱ्या शतकांतील प्रवासी पौसानियस ह्यानेंहि केला आहे. मनुष्य हा देवाचेंच अपत्य होय, ह्या विचारासाठीं त्यानें अरातस कवीची साक्ष काढली. हा कवि किलिकियाचा, म्हणजे पौलाच्याच प्रांताचा.

मग श्रोते हंसले कोठें? कवीचें वचन ऐकून नव्हे, तर मृतांच्या पुनरुत्थानाची गोष्ट निघतांच. म्हणजे जेथें पौलानें तिळभरहि तडजोड केली नाहीं, नेमकें तेथेंच! तेव्हां सौम्य बोलण्यानें संदेश पातळ झाला व म्हणून फसला, हा आरोप टिकत नाहीं. शिवाय अरियपगाचा सभासद दियोनुस्य, दामारी नांवाची स्त्री आणि आणखी कांहीं जण ह्यांनीं विश्वास ठेवला. ह्याला पराभव म्हणावयाचें असेल तर विजयाची व्याख्या केवळ डोकीं मोजण्याची आहे असें म्हणावें लागेल.

कॉरिंथकरांस लिहिलेल्या ज्या पत्रावर आक्षेपकांची सारी भिस्त, त्यांत अथेन्सचें नांवहि नाहीं. उलट त्याच पत्रांत पुढें पौल सांगतो कीं, आपण यहुद्यांत यहुदी झालों आणि परक्यांत परक्यांसारखे झालों. पश्चात्तापदग्ध माणूस असें लिहील काय? कोणी म्हणेल, अथेन्सचें भाषण मुळीं लूकच्याच लेखणीचें आहे. असेल; पण मग आद्य ख्रिस्ती लेखकानें तें फसलेला प्रयोग म्हणून नव्हे, तर आदर्श म्हणून जतन केलें, हेंच त्यावरून सिद्ध होतें.

हा वाद आम्हां मराठी वाचकांस परका नाहीं. १५७९ मध्यें गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज पाद्र्यानें येथील बोली आत्मसात् केली आणि १६१६ मध्यें मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केलें. त्याच्या पाठीशीं पोर्तुगीज सत्ता होती, हें आम्ही विसरत नाहीं; तरीहि लिहितांना त्यानें श्रोत्यांचा कान ओळखला. त्याच सत्तेनें १६८४ मध्यें, लोकांनीं तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावें, असा हुकूम काढला. ती कोंकणी १९८७ पासून गोव्याची राजभाषा आहे, आणि स्टीफन्सच्या ओव्या मराठी वाङ्मयांत टिकून आहेत.

पौलाजवळ हुकूम नव्हता. तो तंबू करून पोट भरी, आणि तीनदां त्याला छड्यांचा मार खावा लागला. ज्याच्या हातीं दंडा नाहीं त्याला ऐकावेंच लागतें; पण ज्याच्या हातीं तो आहे, त्यानेंहि ऐकलें पाहिजे, असा अथेन्सचा धडा आहे. ह्या धड्यालाच चूक ठरविणाऱ्यांनीं आपण कोणाची बाजू घेत आहों, ह्याचा एकदां विचार करावा.