पासोडी टिकली, पेनड्राइव्ह टिकेल?

१/७
‘हस्तलिखिताची छायाचित्रे पेनड्राइव्हवर घेतली, आता ते अमर झाले’ हा समज इतिहासप्रेमींमध्ये फार रुजला आहे. तो घातक आहे, कारण त्याच्या भरवशावर मूळ पोथीकडे दुर्लक्ष होते आणि प्रतही सुरक्षित राहत नाही. 🧵

२/७
बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे दासोपंतांनी (१५५१–१६१५) पंचीकरणाचे विवेचन जाड कापडावर लिहिले. सुमारे ४० फूट लांबीची ती ‘पासोडी’ आजही तेथे आहे. निजामशाही, मोगल, आसफजाही या राजवटी आल्या आणि गेल्या. कापड टिकले, कारण प्रत्येक पिढीत ते सांभाळणारे कोणीतरी होते.

३/७
पेनड्राइव्हमधील फ्लॅश मेमरीचा स्वभाव निराळा आहे. तिच्यात लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. लेखन पानापानाने होते. पुसायचा मात्र अनेक पानांचा अख्खा गठ्ठा. प्रत्येक गठ्ठा ठराविक वेळाच पुसता येतो, मग तो झिजतो.

४/७
कोणती फाइल कोठे आहे, लिहिताना वीज गेली तर कोणती नोंद खरी, हा हिशेब फाइल सिस्टिम ठेवते. झिजेचा हिशेब पेनड्राइव्हमध्ये आतली चिप सांभाळते. राउटरसारख्या अनेक उपकरणांत मात्र तोही ऑपरेटिंग सिस्टिमवरच पडतो.

५/७
आता या दफ्तरदाराचे आयुष्य पाहावे. फ्लॅशसाठीच रचलेली ‘लॉगएफएस’ २०१० मध्ये लिनक्समध्ये दाखल झाली आणि २०१६ च्या अखेरीस काढून टाकली गेली. लिनक्सचा गाभा सतत बदलतो. प्रत्येक बदलाबरोबर फाइल सिस्टिमचा कोड दुरुस्त करावा लागतो, तपासावा लागतो. ते करणारा कोणी उरला नव्हता. पासोडीची चार शतके. हिची जेमतेम सहा वर्षे.

६/७
‘पण जुनी फॅट फाइल सिस्टिम आजही चालतेच की!’ असा आक्षेप येईल. ती १९७० च्या दशकातली, हे खरे. पण ती चालते, कारण तिला चालू ठेवणारे असंख्य आहेत. मोडी दफ्तरांचेही असेच आहे: कागद शाबूत असला, तरी वाचणारा नसेल तर तो मुकाच.

७/७
म्हणून कापडाचा भोळा गौरव नको आणि चिपचाही नको. पासोडी एकच आहे. आग किंवा वाळवी तिला कधीही गाठू शकते. डिजिटल प्रत हवीच. पण कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या पेनड्राइव्हमधील विद्युतभारही हळूहळू ओसरतो. प्रती किमान तीन असाव्यात, त्या वेगवेगळ्या ठिकाणी व वेगवेगळ्या माध्यमांवर ठेवाव्यात, दरवर्षी उघडून पाहाव्यात आणि या कामासाठी एक माणूस नेमलेला असावा. ज्या प्रतीला राखणदार नाही, तिला जतन म्हणू नये.