भिंतीवरच्या तबकडीचा मालक कोण?

संहिता प्रसिद्ध झाली की तिच्यावरचा लेखकाचा ताबा सुटतो, पुढे तिचा अर्थ वाचक लावतो, हे आपण एम. ए.च्या वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहोत. परीक्षेत त्यावर सोळा गुणांचा प्रश्नही विचारतो. पण विकली गेल्यानंतरही जी वस्तू निर्मात्याच्या मुठीतून सुटत नाही, तिच्याविषयी मात्र आपल्याला काहीच म्हणायचे नसते. तो विषय अभियंत्यांचा, असे म्हणून मराठी विभाग मोकळा होतो. हे मौन आम्हाला मान्य नाही, आणि म्हणूनच या ठिकाणी चमत्कारिक वाटेल असा विषय मुद्दाम घेत आहोत. तो विषय म्हणजे अमेरिकेतल्या घरांच्या भिंतीवरचा थर्मोस्टॅट आणि त्याला आपल्याच घरातल्या संगणकाशी जोडू पाहणारा गृहस्थ.

ज्यांचा या यंत्राशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगायला हवे. थंड मुलखात घर उबदार ठेवणारी भट्टी बहुधा तळघरात असते, आणि ती केव्हा पेटावी व केव्हा विझावी हे ठरवणारी कळ दिवाणखान्याच्या भिंतीवर. खोलीचे तापमान पाहून तारा जोडणे वा तोडणे, एवढेच तिचे मूळ काम. या कळीच्या इतिहासात एका मास्तराच्या वैतागाचा मोठा वाटा आहे. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन हे गृहस्थ शिकवत असत. खोलीचे तापमान पाहायला शिपाई भर तासाला वर्गात शिरे आणि शिकवण्यात खंड पडे. त्यावर उपाय म्हणून जॉन्सन यांनी विजेवर चालणारे उपकरण घडवले आणि १८८३ साली त्याचे पेटंट घेतले. (तासाला येणाऱ्या शिपायावर आपण आजवर फक्त चिडत आलो; असो.) पुढे १९५३ साली हनीवेल कंपनीने हेन्री ड्रायफस यांच्या आराखड्याची गोल तबकडी बाजारात आणली. ती फिरवायला घरमालकाला कोणाचीही अनुमती लागत नसे.

२०११ साली 'नेस्ट' नावाची नवी गोल तबकडी आली. किंमत २४९ डॉलर. ती घरच्यांच्या सवयी शिकते, घरात कोणी नसल्याचे ओळखते, इंटरनेटवरून तिला हुकूम देता येतो, अशी तिची ख्याती झाली. २०१४ साली गूगलने ही कंपनी ३२० कोटी डॉलरना घेण्याचा करार केला. त्याच सुमारास, २०१३ मध्ये, पाउलस स्काउटसेन यांनी 'होम असिस्टंट' ही मुक्तस्रोत प्रणाली लिहायला घेतली होती. ती घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालते, तिचा मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, आणि निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे ती एका छपराखाली आणते. गृहस्थाची अपेक्षा साधी असते. खिडकी उघडी राहिली तर भट्टी थांबावी; आजी झोपते त्या खोलीचे तापमान प्रमाण मानावे, दिवाणखान्याचे नव्हे. अशा गोष्टी थर्मोस्टॅटच्या कंपनीला सुचलेल्या नसतात, सुचण्याची गरजही नाही. ज्याचे घर, त्याला त्या सुचतात. फक्त भिंतीवरची तबकडी आणि कपाटातला संगणक यांनी एकमेकांशी बोलायला हवे.

आता हे बोलणे कसे घडते ते पाहा. ज्या नेस्ट तबकड्यांना स्थानिक संवादाची सोय नाही, त्यांच्या मालकाने प्रथम गूगलकडे 'डिव्हाइस ॲक्सेस'साठी नाव नोंदवायचे आणि पाच डॉलर भरायचे. मग गूगलच्या क्लाउडमध्ये स्वतःच्या नावाने एक प्रकल्प उघडायचा, जणू आपण एखादी सॉफ्टवेअर कंपनीच काढत आहोत. तिथून एक ओळखक्रमांक आणि एक गुप्त संकेत मिळवायचा, निरोपांची देवघेव करणारी सेवा चालू करायची, आणि स्वतःच्याच उपकरणाला हात लावण्याची परवानगी स्वतःलाच देतो आहोत अशा अर्थाच्या पडद्यावर होकार द्यायचा. एवढे सव्यापसव्य झाल्यावर दिवाणखान्यातले तापमान घरातून बाहेर पडते, गूगलच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत त्याच घरातल्या कपाटापर्यंत येते. मधले खरे अंतर दहा पावलांचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण त्या म्हणीतल्या माणसाला कळसा काखेत असल्याचे विसर पडल्यामुळे ठाऊक नसते. इथे त्याला पक्के ठाऊक असते, आणि तरीही गावाला वळसा घालण्याची त्याच्यावर सक्ती असते.

या सगळ्याला 'इंटिग्रेशन' म्हणतात. आपण शब्दांवर पोट भरणारी माणसे, तेव्हा या शब्दाबद्दल तरी आपण भांडले पाहिजे. दोन वस्तू एकमेकींशी जोडल्या गेल्या तर ते एकत्रीकरण. तिसऱ्याने परवाना दिला आहे तोवर त्या जोडल्यासारख्या भासतात, तेव्हा त्याला परवानाच म्हणावे. होम असिस्टंटच्या कर्त्यांचा प्रामाणिकपणा असा की, कोणते उपकरण घरातल्या घरात बोलते आणि कोणते क्लाउडमार्गे, हे ते प्रत्येकाच्या नावापुढे नोंदवतात. पण 'पाचच तर डॉलर आहेत, भरून टाका' असे सांगणारी मुक्तस्रोतप्रेमी मंडळीही कमी नाहीत. प्रश्न पाच डॉलरचा कधीच नव्हता.

परवाना जो देतो तो काढूनही घेतो, याचा इतिहास फार जुना नाही. बाहेरच्या सेवांना नेस्टशी जोडून घेण्याची 'वर्क्स विथ नेस्ट' ही वाट २०१४ साली मोठ्या गाजावाजाने उघडली गेली. मे २०१९ मध्ये ती बंद होणार असल्याचे जाहीर झाले. ओरड झाल्यावर जुन्या जोडण्यांना तात्पुरते जीवदान मिळाले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तेही संपले. नेस्टनेच विकत घेतलेल्या 'रिव्हॉल्व्ह' या तीनशे डॉलरच्या गृहयंत्राचे सर्व्हर मे २०१६ मध्ये बंद करण्यात आले. यंत्र शाबूत, पण निकामी. २५ ऑक्टोबर २०२५ रोजी नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटांची गूगलने आपल्या सेवेशी असलेली नाळ तोडली. ते आजही भिंतीवर हाताने फिरवता येतात. म्हणजे २४९ डॉलर मोजलेला ग्राहक फिरून १९५३ सालात आला.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणणार नाही. घरात माणूस केव्हा असतो, केव्हा झोपतो, केव्हा गावाला जातो, हे थर्मोस्टॅटला कळते. अशी माहिती वाटेल त्या कंपनीच्या हाती पडू नये, हे २०१९ साली दिलेले कारण वजनदार आहे. परक्या प्रणाल्या सर्व्हरवर सारख्या येऊन धडकतात, त्याचा खर्च पडतो, हेही खरे. परंतु या दोन्ही दुखण्यांवरचा उपाय एकच निघतो. घरातल्या घरात बोलण्याची वाट खुली करा. माहिती उंबऱ्याबाहेर जाणार नाही आणि तुमच्या सर्व्हरवर भारही पडणार नाही. हे अशक्य आहे असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. 'मॅटर' हा सामाईक संकेत ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरला. नेस्टच्या २०२० सालच्या स्वस्त थर्मोस्टॅटला २०२३ मध्ये तो मिळाला, २०२४ च्या चौथ्या पिढीत तो मुळातच आहे. इकोबी या प्रतिस्पर्धी कंपनीने २०२४ साली आपल्या क्लाउडच्या नव्या किल्ल्या देणे बंद केले, तरी तिचे थर्मोस्टॅट ॲपलच्या होमकिटची भाषा बोलतात, म्हणून होम असिस्टंटला ते घरच्या घरी जोडता येतात. तेव्हा प्रश्न तंत्राचा नसून मर्जीचा आहे, आणि मर्जी कायद्याने बांधता येते. विक्रीच्या वेळीच स्थानिक वाट उघडी आणि लिखित स्वरूपात उपलब्ध असली पाहिजे, नाहीतर त्या व्यवहाराला विक्री म्हणू नये, भाडे म्हणावे. आमची मागणी एवढीच आहे.

यावर आमचे मित्र विचारतील, की साहित्याचा याच्याशी संबंध काय? जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने किंडलवरून वाचकांनी पैसे देऊन घेतलेली ऑर्वेलची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तके दूरवरून पुसून टाकली. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत मिळाले. एका विद्यार्थ्याने पुस्तकावर काढलेली टिपणे मात्र आधारावाचून लोंबकळत राहिली. ज्या कुलुपाने थर्मोस्टॅट बंद होतो त्याच कुलुपाने ग्रंथही बंद होतो. आणि मराठीच्या मास्तरांनी तर हे कोणाकडून ऐकण्याचीही गरज नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टची आपली निराळी सांकेतिक लिपी होती. एका फॉन्टमध्ये टंकलेला आमचा प्रबंध दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी कंस, टिंबे आणि डॉलरची चिन्हे दिसत. मजकूर आमचा, भाषा आमची, आणि तो वाचण्याची किल्ली फॉन्ट विकणाऱ्याच्या कपाटात. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना होम असिस्टंटवाल्यांचे दुःख परके वाटण्याचे कारण नाही.

शेवटचा दुवा तर थेट ग्रंथालयाशीच आहे. डिजिटल कुलूप तोडणे हा अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने अपराध ठरतो, आणि त्यातून सवलत कोणाला द्यायची हे तिथले राष्ट्रीय ग्रंथपाल, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसचे प्रमुख, ठरवतात. २०१८ साली त्यांनी दुरुस्तीसाठी जी सवलत दिली, तिच्या मजकुरात फ्रिजच्या शेजारी थर्मोस्टॅटचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. भिंतीवरची कळ स्वतः दुरुस्त करावी की नाही, हे ग्रंथपालाला विचारायचे! शिवाय सवलत कुलूप उघडण्याची आहे. उघडण्याचे हत्यार इतरांना पुरवण्याची नाही. गूगलने नाळ तोडल्यावर थोड्याच आठवड्यांत एका प्रोग्रामरने जुन्या नेस्ट तबकड्यांना दुसऱ्या सर्व्हरशी जोडणारी आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. 'यापुढे दुष्ट नाही', अशा अर्थाचे नाव तिला दिले. गूगलच्या जुन्या ब्रीदवाक्याला मारलेला तो टोमणा होता. ती बसवणाऱ्यांची घरे उबदार झाली असतील. मात्र ग्रंथपालांची सवलत तीनच वर्षे टिकते. २०२४ साली तिचे नूतनीकरण झाले. यानंतरचा अर्ज २०२७ साठी.