क्रियापदाला पर्याय नसतो, वापराला असतो

शालेय गाइडांत आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत इंग्रजी समानार्थी शब्दांच्या लांबच लांब याद्या असतात. ‘रन’ या क्रियापदासमोर धावणे हा अर्थ आणि पुढे ‘स्प्रिंट’, ‘फ्लो’, ‘ऑपरेट’, ‘मॅनेज’ असे शब्द ओळीने मांडलेले असतात. विद्यार्थी ते पाठ करतो आणि एकाच्या जागी दुसरा बिनधास्त बसवतो. मग नाक ‘ऑपरेट’ होते आणि दुकान ‘स्प्रिंट’ करू लागते. यात दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नसून यादीमागच्या समजुतीचा आहे. माझे म्हणणे असे की रोजच्या वापरातल्या क्रियापदाला समानार्थी शब्द नसतो. असतो तो त्याच्या एकेका वापराला. हा भेद शिकवलाच नाही, तर यादी जितकी पक्की, तितकी वाक्ये कच्ची राहतात.

‘रन’चा पसारा किती आहे, हे कोशकारांना विचारावे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेतच त्याने ‘कम’, ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘रन’, ‘टेक’ अशा साध्यासुध्या क्रियापदांबद्दल हात टेकले होते. अवघड, पंडिती शब्दाची व्याख्या सोपी असते, कारण त्याचे काम एकच असते. जो शब्द घराघरांत राबतो, त्याचे अर्थ मोजताना कोशकार थकतो. ऑक्सफर्डच्या थोरल्या कोशात पुष्कळ काळ ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत मोठी होती. सुधारित आवृत्तीसाठी ‘रन’ची नोंद नव्याने लिहिताना पीटर गिलिव्हर या संपादकाला सुमारे नऊ महिने लागले आणि २०११ साली एकट्या क्रियापदाचे ६४५ अर्थ जाहीर झाले. ‘रन’ पुढे जाण्याचे एक कारण यंत्रयुगात आहे. गिरण्या, आगगाड्या, मोटारी आणि शेवटी संगणकाचे प्रोग्रॅम, या सगळ्यांच्या चालण्याला इंग्रजीने हेच क्रियापद दिले.

‘चालण्याला’ हा शब्द इथे मुद्दाम योजला आहे. इंग्रजीत यंत्र धावते, मराठीत ते चालते. घड्याळ चालते, पंखा चालतो, नाटक चालते, खटला चालतो, माणूस शाळा चालवतो, दुकान चालवतो. या बहुतेक ठिकाणी इंग्रज ‘रन’ म्हणेल. म्हणजे गाइडात ‘रन’समोर छापलेले ‘धावणे’ पायांपुरते खरे आहे. बाहेरच्या व्यवहारात त्याचे बरेचसे काम मराठीत ‘चालणे’ करते. पण म्हणून ‘रन’ म्हणजे ‘चालणे’ असा नवा नियमही करता येत नाही. नदी आणि नाक वाहते, धुतल्यावर कपड्याचा रंग जातो, घरातली साखर संपते, ओळखीचा माणूस रस्त्यात अचानक भेटतो: या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ किंवा त्याला ‘आउट’, ‘इन्टू’ जोडून झालेला प्रयोग येतो आणि मराठीला दर वेळी निराळे क्रियापद लागते. उलट बाजूने पाहिले, तर ‘त्याला तिखट चालत नाही’ किंवा ‘उद्या आलात तरी चालेल’ या वाक्यांत ‘रन’ला शिरकाव नाही. दोन भाषांतली क्रियापदे काही अंतर सोबत जातात आणि मग वेगळ्या वाटांना लागतात.

असे असूनही यादीवर आपला इतका विश्वास का? कारण समानार्थी शब्दांची सवय आपल्याला नामांपासून लागलेली आहे. पाणी, जल, नीर, उदक हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेले असते. या सवयीमागे अमरकोशाची मोठी परंपरा आहे. पण त्या कोशाचे मूळ नाव ‘नामलिंगानुशासन’ आहे. त्याने प्रामुख्याने नामे गोळा केली. धातूंसाठी आपल्याकडे वेगळा धातुपाठ होता, आणि धातू अनेकार्थी असतात हे संस्कृत व्याकरणकारांनी उघड मान्य केले होते. नामाच्या मागे एक वस्तू उभी असते, म्हणून तिला चार नावे देता येतात. क्रियापदाचा अर्थ मात्र कर्ता कोण, कर्म कोणते आणि सोबत कोणता शब्द आहे यावर ठरतो. नामांसाठी योग्य असलेली पद्धत आपण क्रियापदांवर लादली, हे या चुकीचे मूळ आहे.

यादीतले शब्द पर्याय म्हणून किती तोकडे आहेत, हे त्यांच्या इतिहासातही दिसते. ‘रन’ हा इंग्रजीचा जुना जर्मानिक शब्द. ‘ऑपरेट’ लॅटिनमधून आला. ‘मॅनेज’चे मूळ घोडा हाताळणे, त्याला शिकवणे या अर्थाच्या इटालियन शब्दात आहे, म्हणून माणसे, पैसा, संस्था यांना ताब्यात ठेवण्याची छटा त्यात आजही आहे. प्रत्येकाने ‘रन’च्या विस्तारातला एखादा तुकडा घेतला आहे, पूर्ण शब्द कुणीच घेतलेला नाही. निवडणुकीचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो, आणि आपलाही उमेदवार निवडणुकीला उभाच राहतो. धावणे आणि उभे राहणे या एरवी विरुद्ध क्रिया. या एका जागी त्यांचा अर्थ एक झाला. कोणत्याही यादीत ‘रन’समोर ‘स्टँड’ लिहिले, तर ती यादी चुकीची ठरेल. पण या एका वापरात मात्र तोच खरा पर्याय आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की ६४५ हा आकडा कोशकारांच्या चिरफाडीतून आला आहे. मुळात ठरलेल्या मार्गाने अखंड पुढे जात राहणे, हा एकच गाभा सगळ्यांत आहे. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि शिक्षकाने तो गाभा जरूर सांगावा. पण गाभ्यावरून अर्थ ओळखता येतो, वापर ठरवता येत नाही. साखर संपण्याला हे क्रियापद लागते, हे गाभ्यातून आपोआप निघत नाही. दुसरा आक्षेप रॉजेच्या ‘थिसॉरस’चा. पीटर मार्क रॉजे या डॉक्टराचे हे पुस्तक १८५२ पासून लेखकांच्या टेबलावर आहे, मग याद्या वाईट कशा? पण रॉजेने शब्द कल्पनांच्या गटांत लावले, ते मनात विचार तयार असून नेमका शब्द शोधणाऱ्यासाठी. असा माणूस समोरच्या दहा शब्दांना आधीपासून ओळखतो आणि त्यांतला एक निवडतो. आपला विद्यार्थी त्यांना प्रथमच भेटत असतो. तिसरा आक्षेप सर्वांत व्यावहारिक: परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात. विचारतात, म्हणून ते शिकवावेतच. फक्त प्रत्येक शब्द वाक्यासकट शिकवावा. याला पैसे लागत नाहीत, फळा पुरतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. एवढी वर्षे हाती असताना मुलांना तुटक अर्थ पाठ करायला लावणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि तो सर्वांत जास्त सोसावा लागतो ज्यांच्या घरी इंग्रजी कानावर पडत नाही त्यांना. शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे: आठवड्याला एकच साधे क्रियापद घ्या, ‘रन’, ‘गेट’, ‘टेक’, काहीही. त्याची दहा वाक्ये फळ्यावर लिहा आणि प्रत्येक वाक्य आपण मराठीत कसे म्हणू, हे मुलांनाच विचारा. मुले दहा वेगवेगळी मराठी क्रियापदे सांगतील आणि एका तासात दोन्ही भाषा शिकतील. पाठ केलेल्या यादीला हे कधीच जमणार नाही.